सिस्टरच्या डाव्या हाताच्या गोष्टी

सिस्टर गेल्या आणि पंधरा दिवसांच्या आत वस्तीत वाद सुरू झाला. वाद कशावरून, तर सिस्टरच्या डाव्या हातावरून. मनगटापासून कोपरापर्यंत त्या हाताची कातडी चकचकीत, गुलाबी आणि जरा आक्रसलेली होती. ती तशी का होती हे आपल्यालाच ठाऊक आहे असं जो तो म्हणत होता, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं होतं.

बसड्रायव्हर म्हणाला, सूप. टेलरकाका म्हणाले, उंट. बेकरीवाली म्हणाली, कसलं सूप आणि कसला उंट, जहाजावरचा हंडा होता तो, मला स्वतः सिस्टरनी सांगितलंय. सभागृहाच्या पायऱ्यांवर तिघांची अशी जुंपली की शेवटी हेडसरांना मध्ये पडावं लागलं.

हेडसर म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर, आता सभागृहाचे सचिव. येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी जमून सिस्टरच्या आठवणी सांगायच्या, आणि सिस्टरची माहिती लिहिलेलं एक पान फ्रेम करून आरोग्यखोलीत लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आरोग्यखोली म्हणजे सभागृहामागची छोटी खोली. एक खाट, एक पडदा, वजनकाटा, ब्लडप्रेशरचं यंत्र आणि दोन खुर्च्या. तीस वर्षं सहा देशांतल्या इस्पितळांत नोकरी करून आल्यावर सिस्टरनी या खोलीत एकवीस वर्षं, दर मंगळवारी आणि शनिवारी, वस्तीची दुखणी फुकट काढली. घरी बसून आराम करायचं वय होतं, पण ज्यांच्या पायाला भिंगरी असते ते आरामखुर्चीत बसले तरी पाय हलवत बसतात.

"पान खरं पाहिजे," हेडसर म्हणाले. "ऐकीव नको. भिंतीवर लागणार आहे ते." आणि ते काम त्यांनी सिस्टरच्या भाचीवर सोपवलं.

या भाचीला लहानपणापासून सगळे चौकशी म्हणत. नाव मावशीनेच ठेवलेलं. पाच वर्षांची असताना तिने एका दमात मावशीला अकरा प्रश्न विचारले होते आणि बाराव्याला मावशीने हात जोडले होते. पुढे स्वभावाला शोभेल अशीच नोकरी मिळाली. विमा कंपनीत ती दावे तपासायची. अपघात कसा झाला हे माणसांकडून ऐकून घ्यायचं आणि ऐकता ऐकता त्यातलं खोटं कुठं बसलंय ते हेरायचं. शिडीवरून पडलो म्हणणारा माणूस खरं तर भांडणात पडलाय, हे ती त्याच्या ढोपराकडे बघून सांगायची. ऑफिसात तिचा दरारा होता. घरी मात्र आई म्हणायची, "तुझ्यासमोर साधं शिंकायची सोय नाही."

आणि अशा या चौकशीला, सख्ख्या मावशीच्या हाताला काय झालं होतं ते ठाऊक नव्हतं. हे तिला फार लागलं. लहानपणी तिने शंभरदा विचारलं असेल. दर वेळी मावशी म्हणायची, "तूच सांग बघू काय झालं असेल." मग चौकशी अंदाज बांधायची आणि मावशी मान डोलवायची, "असेल, असेल." सगळ्या वस्तीला सांगितलं आणि मला नाही, हा सल मनात घेऊनच ती कामाला लागली.

काम तिने ऑफिससारखंच केलं. एका कागदावर तीन रकाने आखले. कोण, त्याला काय झालं होतं, आणि सिस्टरनी हाताची कुठली गोष्ट सांगितली.

आधी बसड्रायव्हर. डेपोत रिकाम्या बसमध्ये तो डबा खात बसला होता. चार वर्षांपूर्वी पत्रा लागून त्याची पोटरी कापली होती आणि आरोग्यखोलीत इंजेक्शन घ्यावं लागलं होतं. "माणूस मोठा, पण सुई बघितली की माझं पाणी पाणी होतं," तो म्हणाला. "सिस्टरनी बाही वर केली आणि हात माझ्या नाकासमोर धरला. म्हटलं, सिस्टर, हे काय हो. त्या म्हणाल्या, बर्फाच्या देशात होते तेव्हा एका आजोबांनी उकळतं सूप अंगावर फेकलं, का, तर म्हणे ते गार आहे. मी हसलो. त्या म्हणाल्या, झालं, उठा."

"एवढीच गोष्ट?"

"एवढीच. पण खरी हो. सूप असं फेकलं तर तसंच भाजणार."

टेलरकाकांच्या बोटात मशीनची सुई मोडून राहिली होती. ती काढून चार टाके घालावे लागले. त्यांची गोष्ट वाळवंटाच्या काठावरच्या इस्पितळातली. दाराशी बांधलेल्या उंटाने सिस्टरचा हात तोंडात धरला आणि सोडेचना. मालक म्हणाला, त्याला तुमच्या साबणाचा वास आवडलाय, दुसरा साबण आणेपर्यंत थांबा. मग साबण आणायला कोण गेलं, कुठला आणला, तो उंटाला कसा पसंत पडला नाही, हे सगळं टेलरकाकांनी एका पॅंटची घडी शिवता शिवता सांगितलं.

बेकरीवालीची गोष्ट तर संपता संपेना. तिचा दंड भट्टीच्या ट्रेने भाजला होता आणि नऊ दिवस ड्रेसिंग बदलायला जावं लागलं होतं. जुनं ड्रेसिंग सोडवताना जीव जातो, हे भाजलेल्यालाच कळतं. जहाजाची गोष्ट रोज एक भाग अशी नऊ दिवस चालली होती. त्यात वादळ होतं, रुसलेला स्वयंपाकी होता, कॅप्टनची सासू होती, आणि हंडा कलंडला तो थेट आठव्या दिवशी. "खरं सांगू का," बेकरीवाली म्हणाली, "शेवटी शेवटी मला ड्रेसिंगची घाई झालेली असायची. सासू बोटीतून उतरली की नाही ते कळायला हवं होतं ना."

बुधवारपर्यंत चौकशीकडे नऊ माणसांच्या नऊ गोष्टी जमा झाल्या. एकीचा दुसरीला पत्ता नाही. आता तुम्हीच सांगा, एका जखमेच्या नऊ कहाण्या सांगणाऱ्या माणसाला विमा कंपनी काय म्हणेल. जिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला ती मावशी लोणकढ्या थापा मारत होती, आणि तेही उघड्यानागड्या. भाजल्याची खूण चौकशी झोपेतही ओळखली असती. उंटाच्या दातांनी कातडी अशी होत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल.

मग तिने मावशीची पत्रं काढली. सहा देशांतून आईला आलेली, खोक्यात नीट लावून ठेवलेली. पत्रांत इस्पितळं होती, थंडी होती, रात्रपाळीतल्या मैत्रिणी होत्या, हाताबद्दल अवाक्षर नव्हतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती, "मांजर बरं आहे ना?" चौकशीने ती ओळ सोडून दिली. जुनं काहीतरी असेल. तिने तरी त्या घरात कधी मांजर पाहिलं नव्हतं.

तिचं लक्ष होतं तिसऱ्या रकान्यावर. गुरुवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कागदाकडे बघता बघता तिला एकदम दिसलं, आणि मग ते इतकं सोपं वाटलं की इतके दिवस आपल्या डोळ्यांवर काय पट्टी होती असं तिला झालं. इंजेक्शनवाल्यांच्या गोष्टी एका वाक्याच्या होत्या. टाक्यांच्या गोष्टी त्याहून लांब. ड्रेसिंगच्या त्याहून लांब. बाळंतपणात सिस्टर जिच्या उशाशी बसल्या होत्या, त्या लायब्ररीतल्या बाईंची गोष्ट तर पहाटेपर्यंत पुरली होती आणि त्यात सहाच्या सहा देश आले होते. माणूस कोण, त्याचा स्वभाव काय, याच्याशी गोष्टीचा काही संबंध नव्हता. काम जेवढं लांब, तेवढी गोष्ट लांब.

ती तडक कंपाउंडरकाकांकडे गेली. हे काका आरोग्यखोलीत मावशीच्या हाताखाली औषधं द्यायचे. तिने आपला शोध त्यांच्यापुढे मांडला. काका गालातल्या गालात हसले.

"एकवीस वर्षं पडद्याबाहेर बसून मी तेच तर मोजत होतो," ते म्हणाले. "उंट आला की मी समजायचो, चार टाके. उंट दुसरा साबण मागायला लागला की सहा. एकदा उंटाने तिसरा साबण मागितला तेव्हा मी न सांगता दोऱ्याचं नवं पाकीट फोडलं. आता लोक म्हणतात आम्हाला खरं वाटलं होतं. कुणाला वाटतंय. पण तो हात समोर आला की विचारल्यावाचून राहवायचं नाही. आणि विचारलं की माणूस हाताकडे बघतो, सुईकडे बघत नाही."

"मग मला का नाही कधी सांगितली?" चौकशीने विचारलं.

"तुला कशाला सांगेल? तुला इंजेक्शन द्यायचं म्हटलं की तू सुईवरच डोळे लावून बसायचीस. किती आत जाणार, औषध कुठून येणार. तुला भीतीच नव्हती, तर गोष्टीचं काम काय?"

चौकशीच्या मनातला सल तिथल्या तिथे निघाला. घरी येताना ती जवळजवळ नाचतच आली. रात्रीचं जेवणही तिने उभ्याउभ्याच उरकलं आणि पान लिहायला बसली. मावशीच्या नोकऱ्या, देश, सालं हे सगळं वर. आणि खाली, मोठ्या डौलात, हे: "सिस्टरच्या डाव्या हाताच्या नऊ गोष्टी आम्ही जमवल्या. त्यांतली एकही खरी नाही. ज्याला जितका वेळ दुखणार, त्याची गोष्ट तितकी लांब. घाबरलेल्या माणसाने जखमेकडे बघू नये, एवढंच त्या गोष्टीचं काम होतं. सिस्टर ज्याला ज्याला हाताची गोष्ट सांगत, त्याला त्या खरं तर सांभाळत असत." शुक्रवारी सकाळी तिने ते हेडसरांच्या हातात दिलं. हेडसरांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि संध्याकाळपर्यंत छापून फ्रेम करून आणलंसुद्धा. शाळेत असतानाही त्यांचं असंच होतं, निकाल दोन दिवस आधी लावायचे.

एवढ्या सगळ्यात चौकशीने एकीला मात्र विचारलं नव्हतं. स्वतःच्या आईला. विसरली नव्हती. दाव्यांच्या कामात शिस्त अशी की घरच्यांची जबानी सगळ्यांत शेवटी घ्यायची, कारण घरचे माणसाला झाकतात. त्या शिस्तीने तिने आईला शेवटी ठेवलं आणि शेवट यायच्या आधीच पान देऊन मोकळी झाली. दुसऱ्या कुणाच्या हातून अशी चूक झाली नसती. साधी माणसं आधी आईला विचारतात.

शनिवारी दुपारी ती आईचे केस रंगवायला बसली. महिन्यातून एकदा हे काम तिचं असे. आई स्टूलवर, खांद्यावर जुना टॉवेल, समोर खिडकी. चौकशी ब्रशने एकेक भांग पाडत रंग लावत होती आणि खुशीत आपल्या शोधाचं सांगत होती. सूप, उंट, कॅप्टनची सासू. आई हसत होती.

आईबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. ती सिस्टरची धाकटी बहीण, सहा वर्षांनी लहान. मोठी जग फिरली, धाकटी घरी राहिली. आईवडिलांचं म्हातारपण तिनेच काढलं. समारंभाच्या फोटोत ही बाई कायम शेवटच्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड. पण तिला त्याची खंत नव्हती, कारण तिच्याजवळ एक गोष्ट होती जी बाकी कुणाकडे नव्हती.

"सगळ्यांना ताईने काही ना काही सांगितलं," आई म्हणाली. "काय झालं ते मला ठाऊक आहे. मी तिथे होते. उद्या मी उठून सांगणार आहे. हेडसरांना तसं सांगून ठेवलंय. सगळ्यांत शेवटी माझा नंबर."

चौकशीचा ब्रश थांबला. आई चार माणसांत बोलणार, हे नवलच होतं. "सांग ना," ती म्हणाली. "मला आधी सांग."

"ताई बारा वर्षांची होती," आईने सुरुवात केली. "ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी. मी बाहेरच्या खोलीत खेळत होते. स्टोव्हवर पाण्याचं पातेलं उकळत होतं. तेवढ्यात खिडकीतून मांजर आलं. आधी त्याने इकडेतिकडे बघितलं, पाहुण्यासारखं. मग साखरेचा डबा हुंगला. नाक मुरडलं. मग मिठाचा हुंगला. ताई म्हणाली, काय पाहिजे ते सांग, सगळे डबे उघडत बसू नकोस. तर ते म्हणालं, मला आंघोळ करायची आहे, पाणी तापलं का."

गोष्ट पुढे चालली. मांजराने शेपटी पाण्यात बुडवून बघितली. शेपटी भाजली म्हणून उडी मारली, त्या उडीत पातेलं कलंडलं ते ताईच्या हातावर. मग मांजराला वाईट वाटलं. ते खिडकीत बसून मिशा पुसत म्हणालं, मी आता लांब जातो, मोठा झालो की माफी मागायला येतो. मग ते कुठे गेलं, बोटीत कसं बसलं, तिकीट विचारल्यावर त्याने काय दाखवलं.

आई सांगत होती आणि ती मनातल्या मनात घड्याळ लावत होती. ही इंजेक्शनची गोष्ट नव्हती, टाक्यांचीही नव्हती. ही भाजलेला हात साफ करून बांधायला जेवढा वेळ लागतो, बरोब्बर तेवढी होती.

आणि नेमका तेव्हाच तिने आईच्या डाव्या कानामागचा भांग पाडला. तिथे शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत केस उगवत नसत. जन्मखूण आहे, असं आई म्हणायची, आणि शेकडो वेळा तिथे रंग लावताना चौकशीनेही ते तसंच धरून चाललं होतं. आज तिने बघितलं. कातडी चकचकीत होती, गुलाबी, जरा आक्रसलेली. दाव्यांच्या फायलींत भाजल्याचे हजार फोटो बघितलेल्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही. जे पाणी मावशीच्या हातावर पडलं होतं, त्यातलेच दोन थेंब इथे पडले होते. आई बाहेरच्या खोलीत नव्हती. आई त्या पातेल्याखाली होती, आणि वरून मावशीने हात घातला होता.

म्हणजे सगळ्यांत पहिली थाप आईला मारली होती.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "रंग वाळेल."

"काही नाही," चौकशी म्हणाली आणि ब्रश पुन्हा चालवायला लागली. तिला ते पान आठवलं. "त्यांतली एकही खरी नाही." उद्या ही बाई आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांपुढे उभी राहणार, आपल्या बहिणीने दिलेली एकुलती एक वस्तू सगळ्यांना दाखवणार, आणि तिच्या डोक्यावर भिंतीवर तिच्याच मुलीच्या शब्दांत लिहिलेलं असणार की ती वस्तू खोटी आहे. एवढंच नाही. पान वाचून आईने जरा विचार केला तर तिला हेही कळणार, की मांजर नव्हतं तर पातेलं कुणी ओढलं. सहासष्टाव्या वर्षी, भरल्या सभागृहात.

दुसऱ्या दिवशी चौकशी सगळ्यांच्या आधी पोचली. फ्रेम लागली होती. आरोग्यखोलीत नव्हे, आजच्या दिवसापुरती सभागृहाच्याच दर्शनी भिंतीवर, खुर्च्यांच्या समोर. चार स्क्रू.

"हेडसर, हे काढा," ती म्हणाली. "एक वाक्य चुकलंय."

"चुकलंय? अगं, दोनदा वाचलंय मी. काय चुकलंय?"

आता हिने सांगायचं काय? सांगितलं तर झाकलंच कुठे. "तसं नाही, पण—" ती म्हणाली.

"स्क्रू मी स्वतः आवळलेत," हेडसर म्हणाले. "आता ते माझ्याकडूनही निघायचे नाहीत." आणि ते खुर्च्या मोजायला निघून गेले.

माणसं यायला लागली. चौकशी जाऊन फ्रेमसमोर उभी राहिली. कुणी म्हणालं बस ना, तर म्हणाली पाठ दुखते. कुणी पान बघायला आलं तर ती त्याला बोलण्यात गुंतवायची. बसड्रायव्हर एका बाजूने डोकावला तेव्हा ती त्या बाजूला सरकली. तिची पाळी आली तेव्हाही तिने तिथूनच, हातातल्या कागदावरून वाचलं. नोकऱ्या वाचल्या, देश वाचले, सालं वाचली आणि खालचा मजकूर गिळून टाकला. हेडसरांनी भुवया चढवल्या. टाळ्या पडल्या.

मग एकेकाने आपापली गोष्ट सांगितली. सूप झालं, उंट झाला, कॅप्टनची सासू झाली. कंपाउंडरकाकांनी साबण मोजायची युक्ती सांगितली तेव्हा सभागृह हसून लोळलं, आणि टेलरकाका म्हणाले, "मला ठाऊक होतं हो उंट नाही ते. पण इतकं जीव लावून सांगत होत्या, मध्येच कसं म्हणायचं." चौकशी मात्र आईकडेच बघत होती. आई पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसली होती, केस काळेभोर, मांडीवर दोन्ही हात.

हेडसरांनी आईला बोलावलं. आई उठली. माणसांकडे तोंड करून उभं राहायच्या ऐवजी ती सरळ फ्रेमकडे आली.

"बाजूला हो जरा," ती लेकीला म्हणाली.

"आई, नंतर वाच."

"तुझं नाव आहे खाली. वाचायला नको का मी?"

चौकशी बाजूला झाली. दुसरं काय करणार. आईने चष्मा लावला आणि सावकाश, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटच्या चार ओळींशी तिला बराच वेळ लागला. तिचा हात एकदा कानामागे गेला आणि खाली आला. चौकशीला वाटलं, आपण हे आधी का नाही फोडून टाकलं, काच तर होती.

आई वळली. चष्मा काढून डबीत ठेवला. "ताई बारा वर्षांची होती," ती म्हणाली, "आणि खिडकीतून मांजर आलं."

तिने सगळी गोष्ट सांगितली. साखरेचा डबा, मिठाचा डबा, आंघोळीचं पाणी, शेपटी, मिशा, बोटीचं तिकीट. एक शब्द गाळला नाही. आवाज आधी बारीक होता, मग मोकळा झाला. मागच्या रांगेतली पोरं पुढे येऊन खाली बसली. बेकरीवाली डोळे पुसत हसत होती. शेवटी कुणीतरी विचारलं, "मग आलं का मांजर परत?" आई म्हणाली, "यायचं अधूनमधून, सुट्टीला." आणि जागेवर जाऊन बसली.

सगळे गेल्यावर दोघी मायलेकी मागच्या मोरीत कप विसळत होत्या. चौकशी धुवायची, आई पुसायची.

"आपल्या घरात मांजर नव्हतंच," आई म्हणाली. "बाबांना मांजराच्या केसाने धाप लागायची. पातेलं मी ओढलं. स्टूलावर चढून."

चौकशीच्या हातातला कप तसाच राहिला. "तुला ठाऊक होतं? कधीपासून?"

"पहिल्यापासून. सहा वर्षांची होते, खुळी नव्हते. डॉक्टर ताईचा हात साफ करत होते आणि मी दारात उभी राहून भोकाड पसरलं होतं. तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, ते मांजर बघितलंस का गं. मी म्हणणार होते, कुठलं मांजर. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, हो. तिने पुढचं सांगितलं. ती सांगत होती तोवर रडत नव्हती. थांबली की तिचा ओठ वाकडा व्हायचा. म्हणून मी थांबू दिलं नाही. मग? मग काय झालं? डॉक्टरांचं बांधून होईपर्यंत विचारत राहिले."

"आणि नंतर? साठ वर्षांत तुम्ही दोघी कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं. ती पत्रात विचारायची, मांजर बरं आहे ना. मी लिहायचे, बरं आहे." आईने कप पालथा घातला. "तिला वाटायचं मला सांभाळतेय. वाटू दिलं. आता ती गेली म्हणून काय मी मांजराला घराबाहेर काढू?"

नळ तसाच वाहत होता. चौकशीने तो बंद केला. तिच्याजवळ विचारण्यासारखं बरंच होतं. स्टूल कुठे होतं, पातेलं केवढं होतं, बाबा काय म्हणाले, मार पडला का. ऑफिसात तिने हे सगळं विचारलं असतं आणि प्रत्येक उत्तर लिहून घेतलं असतं. डोळे भरून आले होते, ते तिने ओल्या मनगटाने पुसले आणि पुढचा कप आईच्या हातात दिला.

"मांजर कुठल्या रंगाचं होतं गं?" तिने विचारलं.

आईने तिच्याकडे बघितलं. मग कप पुसता पुसता म्हणाली, "राखाडी. एक कान पांढरा."

"मग?"